मेथीचं पोटीस

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की पंधरा दिवसांत मंचरच्या बाजाराला मेथीचा वास येऊ लागतो. मी शिकवते ती शाळा सुटल्यावर मी तिथूनच घरी जाते. ओलं गोणपाट पसरून त्यावर जुड्या रचलेल्या असतात, मुळांना अजून रानातली माती असते आणि भाजीवाल्या बाया मधूनमधून पाण्याचा हबका मारत बसलेल्या असतात. हबका बसला की वास उठतो. हिरवा, उग्र, थोडासा औषधासारखा. मी दोन जुड्या घेते. घरी निवडते, चिरते, लसणाच्या फोडणीवर परतते, नवऱ्याला आणि मुलीला वाढते. मी खात नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सासूबाईंनी कारण विचारलं होतं. कडू लागते, म्हणाले. त्या हसल्या. मेथी सगळ्यांनाच कडू लागते, म्हणून कुणी सोडतं का, असं म्हणून त्यांनी माझ्या पानातली भाजी स्वतःच्या पानात घेतली. तेव्हापासून हा विषय आमच्या घरात संपला. माझ्यापुरता तो संपलेला नाही. नव्वदच्या दशकातला तो एक हिवाळा दरवर्षी जुडीबरोबर घरात येतो.

माझं माहेर खोडदचं. रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या छत्र्या उभ्या राहिल्या तेव्हा मी शाळेत होते. बारावीला गेले तोवर गावात कुणाला त्यांचं नवल राहिलं नव्हतं. छत्र्या वर आभाळाकडे बघत, आणि आमच्या रानातल्या बाया खाली वाकून मेथी उपटत. कांद्याचा आणि टोमॅटोचा मोठा तुकडा आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. विहिरीजवळचे आठ-दहा वाफे तेवढे आईचे. त्यांत ती हिवाळाभर मेथी करायची. बी रात्रभर भिजवायचं, सकाळी फडक्यावर पसरून कोरडं करायचं, मग मुठीने फेकून वर मातीचा हलका हात फिरवायचा. चौथ्या दिवशी वाफा हिरवा दिसायला लागे. महिन्याभराने काढणी. मेथीला थांबणं माहीत नाही. चार दिवस उशीर झाला की ती फुलावर येते, देठ दोरीसारखे होतात आणि कुणी हात लावत नाही. आई म्हणायची, मेथी आणि पावणं, वेळेत वाढलं पायजे.

आई चौथी शिकलेली. पण मेथीतलं तिला सगळं येत होतं, निदान गावाला तसं वाटे. बाळंतिणीला किती द्यायची, कंबर धरलेल्या म्हाताऱ्याला कशात द्यायची, केस गळणाऱ्या पोरींनी ती किती वेळ डोक्यावर ठेवायची. कुणाला गळू झालं की दाणे दळून, पाण्यात हळद घालून ती त्यांचं घट्ट पिठलं शिजवायची, फडक्यावर थापून त्याचं पोटीस गरमागरम बांधायची. दोन दिवसांत गळू फुटून मोकळं व्हायचं. आमच्या ओट्यावर सकाळी दोन-तीन बाया बसलेल्या असायच्याच. आई त्यांच्याशी बोलताना आवाज थोडा खाली घ्यायची. घरात तिचं फारसं कुणी ऐकत नसे. ओट्यावर ऐकत. त्या आवाजात तिला किती सुख होतं हे मला तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं.

तिच्या औषधांत माझंही एक काम होतं. तव्यावरची भाकरी उलटून उलटून आईची बोटं निबर झाली होती. निखारा चिमटीत धरून चुलीत ढकलणारी बाई ती. तिला पोटीस किती कढत आहे ते समजत नसे आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती फडकं माझ्यासमोर धरायची. मी मनगटाची आतली बाजू त्यावर टेकवायची आणि सांगायचं: थांब, किंवा बरंय.

आण्णांची थोरली बहीण, माझी आत्या, आंबेगाव तालुक्यात घोड नदीच्या काठावरच्या गावात दिलेली होती. ती त्या हिवाळ्यात आमच्याकडे येऊन राहिली. अंगाने भरलेली, गोरी, बोलायला सुरुवात केली की रानातल्या सगळ्या बाया हात थांबवून ऐकायच्या. तिचा स्वतःचा हात मात्र थांबायचा नाही. मेथीची जुडी तिच्यासारखी कुणाला बांधता येत नसे. उपटायची, मुळं पायावर आपटून माती झाडायची, पानं सारखी करायची आणि केळीच्या सोपटाने एका वेढ्यात गाठ. चालायची अनवाणी. चपला तिला जडच वाटायच्या.

ती आली होती साखरेमुळे. गावातल्या तपासणी शिबिरात तिच्या रक्तात साखर निघाली होती. नारायणगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या ती घ्यायची, कधी विसरायची. गोड सोडायला सांगितलं होतं, ते मात्र तिला जमत नव्हतं. आईने तिला मेथीवर घेतलं. रोज सकाळी पेलाभर भिजवलेली मेथी, चावून खायची आणि वरून तेच पाणी प्यायचं. आत्या नाक धरून प्यायची आणि आईला म्हणायची, वैनी, नणंदेचा सूड घेतीस काय गं. आई हसायची. महिन्याने तपासलं तर साखर खाली आली होती. डॉक्टर म्हणाले छान, गोळ्या आणि पथ्य चालू ठेवा. आत्याने अख्ख्या आळीत सांगितलं की वैनीच्या मेथीनं साखर पळाली. ओट्यावर येणाऱ्या बाया वाढल्या.

त्याच सुमारास एकदा मी आईबरोबर नारायणगावच्या पेठेत बी आणायला गेले होते. बियाण्याचं दुकान एका मारवाडी शेठजींचं होतं. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन ते मांडलेलं, शेठजींचं मराठी आमच्याइतकंच इथलं. त्यांच्याकडे मेथीची दोन पोती असायची, एक औषध चोळलेल्या गुलाबी बियांचं आणि एक साध्या दाण्यांचं. पेरायची का खायची, हा त्यांचा पहिला प्रश्न. आई म्हणाली दोन्ही, आणि मोठ्या कौतुकाने नणंदेची गोष्ट सांगितली. शेठजी दाणे कागदात बांधता बांधता ऐकत होते. म्हणाले, "माझ्या आईलाही साखर आहे, ताई. मेथी तीही खाते. पण तिचे पाय मी रोज उन्हात धरून बघतो. साखरेवाल्याला पायाचं काही कळत नाही. खिळा गेला तरी कळत नाही."

आई हो म्हणाली. मीही ऐकलं. परतताना जीपमध्ये आम्ही चौघींच्या जागेत सात जणी बसलो होतो, मांडीवर मेथीचा पुडा होता आणि मी माझ्या पूर्वपरीक्षेचा विचार करत होते. शेठजी काय म्हणाले ते आम्ही दोघींनी घरी कुणाला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

पौषात थंडी वाढली. सकाळी धुकं इतकं असायचं की छत्र्या दिसायच्या नाहीत, नुसता विहिरीच्या पाण्यावरून वाफ निघताना दिसायची. अशाच एका दिवशी, उन्हं कलताना, आत्या रानातून ओट्यावर आली आणि मागे फरशीवर तिच्या उजव्या पावलाचे लाल ठसे उमटलेले मी पाहिले. बाभळीचा काटा तळव्यात बोटाच्या पेराएवढा आत गेला होता. ती त्याच पायाने बांधावरून घरापर्यंत चालत आली होती. मी ओरडले तेव्हा तिने पाय उलटा करून पाहिला आणि तिलाच आश्चर्य वाटलं. काटा आईने काढला, हळद भरली. दुसऱ्या दिवशी पाय सुजला. आण्णा म्हणाले, डॉक्टरला दाखवू. आत्या म्हणाली, काट्याला कसला डॉक्टर, माझी डॉक्टर घरात हाय.

पहिले दोन दिवस पोटीस बांधलं तेव्हा मी मनगट टेकवून पाहिलं होतं. दोन्ही वेळा मी थांब म्हणाले आणि आईने ते निवू दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात, भिंतीला टेकून, रसायनशास्त्राचं पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी पूर्वपरीक्षेचा पेपर होता. माझ्या डोक्यात समीकरणं होती आणि ती जुळत नव्हती. आत्या बाहेर ओसरीत उन्हाला पाय करून पडली होती. आण्णा रानात. आईने चुलीवरून पातेलं उतरवलं, फडक्यावर मेथी थापली, फडकं दोन टोकांना धरून माझ्यापुढे आणलं.

"बघ गं जरा, लई कढत न्हाई ना."

मी मान वर केली नाही. हात पुस्तकावरून उचलला नाही. म्हणाले, बरंय.

एवढंच. त्या एका शब्दावर आई बाहेर गेली. मला तिचा आवाज ऐकू आला, वन्सं, पोळतंय का हो? आणि आत्याचा आवाज, अगदी नेहमीचा, थोडा सुस्तावलेला:

"न्हाई गं. गारच हाय. बांध घट्ट."

तासाभराने आईने फडकं सोडलं तेव्हा त्याच्याबरोबर कातडी आली. आत्या आपल्या पायाकडे बघत होती, जणू दुसऱ्या कुणाचा पाय आहे. तिला दुखत नव्हतं. मी दारात उभी होते आणि मेथीचा वास सगळ्या ओसरीत भरला होता.

नारायणगावच्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि लगेच पुण्याला न्यायची चिठ्ठी लिहिली. आधी दोन बोटं गेली. मग पायावर काळेपणा चढत राहिला आणि पंधरा दिवसांनी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी आण्णांना सांगितलं होतं की साखर आटोक्यात नव्हती, आत काट्याचं विष पसरलंच होतं, भाजलं नसतं तरी कदाचित पाय गेलाच असता. ते कदाचित मी किती वर्षं उराशी धरून ठेवलं. कधी कधी त्याने झोप लागायची, पण नेहमी नाही.

पाय काढायचं ठरलं त्या दिवशी आण्णा कपडे न्यायला घरी आले होते. आत्याचा मुलगा त्यांच्याबरोबर होता. तो ओसरीत उभा राहून बोलला ते सगळं इथे लिहीत नाही. आईने उकळतं पिठलं त्याच्या आईच्या पायावर ओतलं, असा त्याचा अर्थ होता. शेजारचे गोळा झाले. आण्णा आईकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुला डॉक्टर कुणी केली व्हती?"

आई चुलीपाशी उभी होती. पदराला हात पुसत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, एकदाही नाही. म्हणाली, "चुकलं माझं. मी हात लावून बघितलं न्हाई."

मी तिच्यापासून चार हातांवर होते. माझ्या तोंडात जीभ होती. त्या क्षणी मी म्हणू शकत होते की बघायचं काम माझं होतं, तिने मला विचारलं होतं, मी खोटं सांगितलं. एका वाक्याचं काम होतं. मी ते म्हटलं नाही. भीती वाटली म्हणा, लाज म्हणा. मी स्वतःला सांगितलं, माणसं गेल्यावर आण्णांना एकट्याला सांगेन. माणसं गेली, आण्णाही पुण्याला गेले.

त्याच आठवड्यात विहिरीजवळची मेथी काढणीला आली. घरात दोघीच होतो. आई पहाटे उठून वाफ्यात गेली, मागोमाग मीही गेले. दवाने पानं जड झाली होती आणि बोटं गारठून वाकडी होत होती. आम्ही उपटत राहिलो. जुड्या आई बांधत होती. तिच्या गाठी सुटत होत्या, मग ती परत बांधायची. मी वाट पाहत होते की ती विचारेल. तू बघितलं व्हतंस ना, एवढंच विचारेल, आणि मग माझ्या तोंडून सगळं बाहेर पडेल. तिने विचारलं नाही. दोन वाफे झाल्यावर मीच आई अशी हाक मारली. ती मान वर न करता म्हणाली, "जा, अभ्यास कर."

रस्त्याने जाणाऱ्या बायांनी आम्हाला पाहिलं. नणंदेचा पाय पुण्यात कापतायत आणि ही बाजाराला मेथी काढती, असं गावात झालं. ते आईच्या कानावर आलं. तिने मेथी तशीच बाजाराला पाठवली. मी वर म्हटलं ना, मेथी थांबत नाही.

आण्णा त्यानंतर कित्येक महिने आईशी ‘वाढ’ आणि ‘पाणी दे’ यापलीकडे बोलले नाहीत. ओट्यावर बाया येईनाशा झाल्या. एखादी बाहेरगावची चुकून आली तर आई दारातूनच सांगायची, दवाखान्यात जावा, मला काय समजत न्हाई. तो खाली घेतलेला आवाज मी पुन्हा ऐकला नाही. पुढच्या हिवाळ्यात विहिरीजवळ कोथिंबीर होती. आण्णांनी ठरवलं की आईने, मला माहीत नाही.

मला बारावीला चांगले गुण पडले. रसायनशास्त्रात सगळ्यांत जास्त. मी डी.एड.ला गेले, शिक्षिका झाले. गुणांचे पेढे वाटले तेव्हा आईने मला पेढा भरवला आणि मी तो गिळला.

आत्या माहेरी परत आली नाही. रबरी पाऊल बसवलेला पाय घेऊन ती काठीने चालायची, शेतात जायची बंद झाली, गोष्टी सांगायची बंद झाली. कुणी माहेरचं विचारलं की म्हणायची, "पाय तुटला तसं म्हायेर बी तुटलं." दोन हजार साल उलटल्यावर माझ्यासाठी मंचरचं स्थळ आलं. मुलाकडची माणसं आत्याच्या सासरच्यांच्या ओळखीची निघाली. त्यांनी चौकशी केली ती आत्याकडेच. आमच्या घरात त्या दिवशी जेवण कुणाला गेलं नाही. आत्याने सांगितलं की आई कशी का असंना, पोरगी सोनं आहे, डोळे मिटून करा. असं ती म्हणाल्याचं सासूबाईंनी मला नंतर मोठ्या कौतुकाने ऐकवलं.

लग्नाला ती आली. मांडवात खुर्चीवर बसली. आई ताट घेऊन तिच्यापुढे गेली तेव्हा तिने ताटाकडे पाहिलं आणि दुसरीकडे मान वळवली. मी हळदीच्या अंगाने उठून गेले आणि आईच्या हातातलं ताट घेऊन आत्याच्या हातात दिलं. आत्याने माझ्या गालावर हात फिरवला. म्हणाली, तुझ्या हातचं खाईन गं. आई दोन पावलं मागे उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मी काय पाहिलं ते मी नीट सांगू शकत नाही. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

चार वर्षांनी आत्या गेली. आई अंत्यदर्शनाला गेली आणि अंगणाच्या कडेला, चपला काढून, शेवटपर्यंत उभी राहिली. तिला कुणी पुढे ये म्हणालं नाही.

यंदा दिवाळीनंतर मी माहेरी गेले होते. आईचे केस पांढरे झालेत, बोटं अजून तशीच निबर आहेत. दुपारी आम्ही दोघी ओसरीत बसलो होतो, ती शेंगा फोडत होती. आण्णा देवळाकडे गेले होते. मी ठरवून आले नव्हते. माझ्या मुलीला आदल्या दिवशी शाळेत खोटं बोलल्याबद्दल मी रागावले होते आणि तेच आईला सांगत होते, आणि सांगता सांगता मध्येच थांबले. मग मी म्हणाले, "आई, त्या दिवशी मी हात लावला नव्हता."

कोणत्या दिवशी, असं तिने विचारलं नाही. शेंग फोडून दाणे सुपात टाकले.

"ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"फडकं तुझ्यासमोर मीच धरलं व्हतं की. तुझा हात पुस्तकावर व्हता, मला दिसत व्हता. मला वाटलं, पोरगी म्हणती बरंय तर असंल बरं. मी बी घाईत व्हते."

मी विचारलं, मग तू का सांगितलं नाहीस. एवढी वर्षं. आण्णांना तरी. माझा आवाज चढला असावा, कारण तिने हात थांबवले आणि माझ्याकडे पाहिलं, बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं.

"तुझं लगीन व्हायचं व्हतं," ती म्हणाली. "माझं झालेलं व्हतं."

मी म्हणाले, आज आण्णांना सांगते. ती सांगही म्हणाली नाही आणि नकोही म्हणाली नाही. पुन्हा शेंगा फोडू लागली. बाहेर खाकरल्याचा आवाज आला. आण्णा दारात चपला काढत होते. आत आले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, विचारलं कधी आलीस, मग आईकडे न बघता म्हणाले, पाणी दे.

आई उठली. मी उठले नाही. मी त्यांना सांगितलं की सकाळच्या गाडीने आले, मुलगी बरी आहे, शाळा बरी चालली आहे.